ऑक्झिलरी हायड्रॉलिक पंप ऑटोवर का लागत नाही

गॅस टर्बाइनचा ऑक्झिलरी हायड्रॉलिक पंप एमसीसीवरून (मोटर कंट्रोल सेंटर, म्हणजे मोटरांच्या स्टार्टरचं पॅनेल) हाताने चालू केला की लगेच फिरतो, ऑटोवर मात्र नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे मोटर, ब्रेकर, ओव्हरलोड ठीक आहेत. मोटर उघडू नका.

आधी हात/ऑटो निवडायचा सिलेक्टर स्विच तपासा. मूठ ऑटोवर दिसते, पण आतला काँटॅक्ट लागलेला नसतो. मग कंट्रोलरमधून स्टार्ट कमांड निघते का बघा. निघत असेल तर इंटरपोझिंग रिले (कंट्रोलरची कमांड एमसीसीकडे पोचवणारा मधला रिले) आणि एमसीसीपर्यंतची वायर तपासा. बडोद्याच्या पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरते, टर्मिनलवर हिरवट थर चढतो. मीटर लावल्याशिवाय तो कळत नाही.

कमांडच निघत नसेल तर माझा पहिला संशय ६३एचक्यू प्रेशर स्विचवर; हायड्रॉलिक हेडरमधलं, म्हणजे मुख्य तेलनळीतलं, प्रेशर कमी झालं की हाच स्विच कंट्रोलरला कळवतो. त्याचा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद राहिला की नळीत जुनं प्रेशर अडकतं, आणि हेडर रिकामा असूनही स्विच 'प्रेशर आहे' असंच सांगतो, म्हणून कंट्रोलर पंपाला कमांड देत नाही. मशीन थांबलेलं असताना, परमिट घेऊन, चष्मा लावून व्हेंट अगदी हळू सैल करा. तेल थेंबभर आलं आणि काँटॅक्ट पलटला, तर दोष तिथेच. काँटॅक्ट कोणत्या प्रेशरला पलटायला हवा, तो आकडा तुमच्याच मशीनच्या कंट्रोल स्पेसिफिकेशनमधून घ्या.

ल्यूब ऑइल प्रेशरचं परमिसिव्हही (पंप सुरू व्हायला आधी पूर्ण व्हावी लागणारी अट) बघाच, कारण हा पंप तेल ल्यूब हेडरमधूनच ओढतो. कंट्रोलरमध्ये सिग्नल फोर्स करून (खोटा लावून) मशीन चालवू नका.