ट्रकच्या पाट्याची सुरी स्वयंपाकघरात वापरावी काय?

लोहाओळीकर (धागा):

मागच्या महिन्यात नागपूरच्या कामठी रस्त्यावरील एका लोहारसाळेत मी ट्रकच्या मोडलेल्या पाट्यापासून (चाकांवरचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या लवचीक पट्टीपासून) सात इंची सुरी घडवून घेतली. अभियंता असलेल्या भाच्याने ती हातात घेताच 'कबाडाचा चाकू' असे तिचे बारसे केले आणि स्वयंपाकघरात ही वापरू नका, असेही वर सांगितले. मला त्याचे म्हणणे मान्य नाही, म्हणून विषय येथे मांडतो आहे.

आपल्याकडे पारंपरिक पाते म्हणजे मुळातच जुन्या लोखंडाचे पाते होय. वखराची झिजलेली पास (जमीन खरवडणारे लोखंडी पाते) फेकून दिल्याचे मी कधी पाहिले नाही. तिचे खुरपे होई, खुरपे झिजले की त्याची आणखी काहीतरी बारीकसारीक वस्तू होई. पारशिवनी तालुक्यातील नैकुंडच्या उत्खननात लोखंड गाळण्याची महापाषाणयुगीन भट्टी सापडली, आणि माहुरझरीच्या शिळावर्तुळांतून (त्याच काळातल्या, दगडांची वर्तुळे रचलेल्या दफनांतून) लोखंडी कट्यारी व कुऱ्हाडी निघाल्या. म्हणजे नागपूर जिल्ह्यात अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लोखंड गाळलेही जात होते आणि घडवलेही जात होते. गाळणारे गेले, घडवणारे थोडे उरले आहेत. त्यांच्यासाठी आजची खाण म्हणजे कबाड्याचे दुकान, आणि शहरालगतच्या वाडी येथील ट्रकवस्तीमुळे नागपुरात ही खाण आटण्याची चिन्हे नाहीत. पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, सोबत सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम असते, आणि ते पाणी (तापवून एकदम विझवल्याने येणारा टणकपणा) उत्तम घेते. यापेक्षा चांगले साहित्य गावच्या लोहाराच्या हाती पूर्वी कधी आले असेल, असे मला वाटत नाही.

धातुविद्या:

आपला परंपरेबद्दलचा मुद्दा मनाला पटतो, पोलादाबद्दलचा पटत नाही. पाट्याचे पोलाद चांगलेच असते, परंतु ते नवे असताना. जो पाटा कबाड्याकडे पोहोचतो तो कोणत्या कारणाने पोहोचतो, याचा विचार आपण केलेला दिसत नाही. लाखो वेळा वाकून सरळ होताना त्याच्या ताणाच्या बाजूला, आणि विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाभोवती, केसासारख्या बारीक भेगा पडतात. घणाखाली त्या मिटतात ही समजूत चुकीची आहे, कारण भट्टीत भेगेच्या आतल्या बाजूलाही पोपडा (तापलेल्या लोखंडावरचा जळका थर) धरतो आणि पोपडा धरलेल्या दोन बाजू नुसत्या ठोकून सांधत नाहीत. भेग दिसेनाशी होते, पाण्यात किंवा तेलात विझवताना ती पुन्हा उघडते, आणि तेव्हाही उघडली नाही तर कधीतरी भोपळा चिरताना उघडते.

दुसरे असे, की एका सुरीला अर्धा किलोसुद्धा पोलाद लागत नाही. ज्याची प्रत ठाऊक आहे अशी नवी पट्टी आणि कबाडातील तुकडा यांच्या किमतीतला फरक लोहाराच्या दिवसभराच्या मजुरीपुढे नगण्य आहे. मग मेहनत अनोळखी तुकड्यावर का खर्चावी?

तिसरा मुद्दा तापमानाचा. या जातीचे पोलाद साधारण ८३० ते ८७० अंशांना विझवावे लागते, आणि उघड्या भट्टीवर हे नुसत्या रंगावरून ठरवले जाते. मे महिन्यात भर दुपारी टिनाच्या शेडखाली, बाहेर ऊन आग ओकत असताना, नारिंगी तापलेला तुकडाही डोळ्यांना मळका लाल दिसतो. लोहार आणखी भाता मारतो, तुकडा जास्त तापतो, पोलादातले कण फुगतात आणि पाते ठिसूळ होते. यात कारागिराचा दोष नाही, उजेडाचा आहे.

पावशीवाली:

आपण दोघेही पोलादाबद्दल बोलत आहात, भाजीबद्दल कोणीच बोलत नाही. माझ्याकडे सासूबाईंची पावशी आहे (पुण्याकडील वाचकांसाठी: विळी). तिचे पाते कशाचे आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हते, आणि तिच्यावर कोहळे, सुरण, फणस सगळे चिरून झाले आहे. तेव्हा अनोळखी लोखंड म्हणजे निकामी लोखंड, असे सरसकट म्हणता येणार नाही.

मात्र लोहाओळीकरांनाही एक सांगावेसे वाटते. 'पाट्याची आहे, ताई' असे सांगून मला रस्त्यावर एक सुरी विकण्यात आली. चार दिवसांत तिची धार बसली, पुन्हा लावली, पुन्हा बसली. शेवटी शेजारच्या वेल्डरने ती ग्राइंडरला लावून दाखवली, तेव्हा ठिणग्या लांब, सरळ आणि मुकाट पडल्या. कार्बनच्या पोलादाला फुटतात तशी ठिणगीला ठिणगी फुटली नाही. ती बांधकामाची सळई होती. सळईत कार्बन इतका कमी असतो, की ती कितीही वेळा विझवली तरी धार टिकावी इतकी टणक होत नाही, आणि कारखान्यात तिच्या सालीला मिळालेला टणकपणाही भट्टीत गेल्यावर संपतो. आता मी कोणतीही सुरी घेण्याआधी ठिणगी पाहते, विकणाऱ्याला राग आला तरी.

अजनीचा रहिवासी:

माझी हरकत निराळी आहे. नागपूर रेल्वेचे मोठे जंक्शन असल्याने येथे घरी भट्टी पेटवणाऱ्या हौशी मंडळींमध्ये रुळाच्या क्लिपांना फार मागणी दिसते. रूळ स्लीपरला (रुळाखालच्या आडव्या तुळईला) दाबून धरणारी ही वळलेली क्लिप स्प्रिंगच्या पोलादाचीच असते, एका सुरीला बरोबर पुरते आणि दिसायलाही आकर्षक असते. पण ती कोठून आली हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रीतसर लिलावातून बाहेर पडलेल्या भंगाराची गोष्ट वेगळी. पिशवीतून आलेल्या दोन क्लिपांना लिलावाची पावती नसते.

लांबीचे भानही ठेवावे. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाती येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामासाठी घडवलेली तेवढी वगळलेली आहेत. सात इंची सुरीला भीती नाही. परंतु 'पारंपरिक' या शब्दाच्या प्रेमात पडून कोणी हात-दीड हात लांबीचे पाते घडवून दिवाणखान्यात टांगणार असेल, तर ते भाजीसाठी आहे असे सांगून कोणाला पटणार नाही.

लोहाओळीकर:

रेल्वेच्या क्लिपांबद्दलचा मुद्दा मी बिनशर्त मान्य करतो. सळईची फसवणूकही नवी नाही. धातुविद्या यांच्या भेगेच्या आणि उजेडाच्या मुद्द्यांवर मात्र येथे बसून वाद घालण्यापेक्षा मी रविवारी पुन्हा लोहारसाळेत गेलो. जे पाहिले ते सांगतो.

पाट्याच्या उरलेल्या टोकाचा बोटभर तुकडा कापून लोहाराने तो तापवला, तेलात विझवला, सांडशीत धरून ऐरणीच्या कडेवर ठेवला आणि एक घाव घातला. तुकडा काचेसारखा मोडला. आतला भाग जाड्या रव्यासारखा होता, चमचमणारा. ही वेळ दुपारी दीडची. म्हणजे आपले म्हणणे तेथल्या तेथे खरे ठरले, हे कबूल करतो. मग त्याने भट्टीच्या उन्हाकडील बाजूला पोत्याचा पडदा बांधला, दोरीला टांगलेले स्पीकरमधले लोहचुंबक तापलेल्या तुकड्याजवळ नेले, आणि ते ओढायचे थांबल्यावर रंग आणखी थोडाच चढू देऊन दुसरा तुकडा विझवला. तो मोडला तेव्हा आत मैद्यासारखा बारीक, राखी रंगाचा पोत दिसला. पोते आणि चुंबक, खर्च शून्य.

पाणी देण्याची त्याची रीतही आपण लिहिता तितकी अंदाजपंचे नाही. सुरी घडवताना त्याने फक्त धारेची बाजू तेलात बुडवली, बाहेर काढून विटेच्या तुकड्याने पोपडा घासला आणि उघड्या पडलेल्या पांढऱ्या पट्टीकडे टक लावून बसला. पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि तिच्यासोबत रंग सरकतो. वाळलेल्या गवताचा पिवळा रंग धारेला टेकला, की सुरी पुन्हा तेलात. निळा येऊ दिला तर धार मऊ पडली म्हणून समजावे. आपल्या पुस्तकातील २०० ते २२० अंश हेच ना?

धातुविद्या:

होय, तेच. पहिल्या तुकड्याची हकीकत आपण लपवली नाही, याबद्दल आभार. दोन गोष्टी तरीही उरतात. एक, विझवायला गॅरेजमधले जळके ऑइल वापरले असेल तर खाण्याच्या वस्तूंना लागणाऱ्या पात्यासाठी ते बंद करावे. कोमट केलेले शेंगदाण्याचे तेल तेच काम करते आणि त्याचा धूरही सोसवतो. दुसरी अधिक महत्त्वाची. टोकाचा तुकडा मोडून कणांचा पोत कळतो, टोकापासून वीतभर आत असलेली भेग कळत नाही. त्यासाठी घडवण्याआधी पाटा कोरा घासून रॉकेल लावावे, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसावे आणि वरून खडूची भुकटी चोळावी. भेग असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल खडूत चढून काळसर रेघ उमटते. ही रेघ जोवर पाहिली जात नाही, तोवर माझे मत बदलणार नाही.

पावशीवाली:

तुमच्या सुरीने कांदा काळा पडतो का, तेवढेही सांगा. साध्या पोलादाने आंबट कैरीसुद्धा काळी पडते, आणि पाते पुसून ठेवले नाही तर सकाळी त्यावर गंज असतो. हे पोलाद कबाडाचे असो की कारखान्याचे, गृहिणीला रोजचा त्रास हाच असतो.

लोहाओळीकर:

कांदा किंचित काळा पडतो, ताई. पहिले काही दिवस जास्त पडला. पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवून ठेवतो.

धातुविद्या यांना: रॉकेल मिळवायलाच दोन दिवस लागले. घडवायला बाजूला काढलेल्या दुसऱ्या पाट्यावर आपण सांगितले तसे केले. भोकापासून कडेकडे जाणारी, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी काळी रेघ उमटली. मी ती लोहाराला दाखवली. त्याने ऐरणीवरून मान न उचलता सांगितले, "भोकाजवळचा चारचार बोटं भाग आमी वापरतच नाई, भाऊ. बाप सांगून गेला होता." का वापरायचा नाही, हे बापाने सांगितले नव्हते.

धातुविद्या:

चार बोटे भोकाच्या दोन्ही अंगांना सोडतो, की एकाच? आणि टोकांजवळ, जेथे एक पाटा दुसऱ्यावर घासतो, तेथेही काही सोडतो का? विचारून सांगावे. उरलेल्या पट्टीवर रेघ उमटली नाही, तर मलाही त्यातून एक सुरी हवी आहे.