शब्दचर्चा: तळच्या राखाडी मातीला 'चिबड' म्हणावे का?

मसुदा: उष्ण कटिबंधातील मृदांवरील लेखाचा अनुवाद करत आहे. उताराच्या माथ्यावर तांबडी, मध्यावर पिवळी आणि तळाशी निळसर राखाडी माती, इथवर अडचण आली नाही; परंतु राखाडी मातीतल्या तांबूस-पिवळ्या ठिपक्यांना मी 'डाग' म्हटले, तेव्हा "मातीला रोग झाला आहे का?" अशी हरकत संपादकांनी घेतली. तळच्या मातीसाठी वापरल्या जाणाऱ्या 'ग्ले' या संज्ञेलाही प्रतिशब्द हवा आहे.

नांगरट: पाणी साचून राहणाऱ्या जमिनीसाठी 'चिबड' हा शब्द असताना नवा कशाला घडवायचा? पाणी तुंबले की मातीतली हवा संपते, जिवाणू लोहाचे क्षपण करतात, म्हणजे त्याला पाण्यात विरघळणाऱ्या रूपात आणतात, ते विरघळून निघून जाते आणि तांबडेपणा उतरतो. ठिपक्यांसाठी गुरांच्या रंगावरून 'बांडी माती' म्हणावे.

क्षितिजसमांतर: 'बांडी' उत्तम, 'चिबड' मात्र चालणार नाही. चिबड ही जमिनीची आजची अवस्था असते आणि चर खणून निचरा केला की ती जाते, तर राखाडी रंग आणि ठिपके त्यानंतरही दीर्घकाळ टिकू शकतात. रंग सांगतो ते बऱ्याचदा पूर्वीच्या पाण्याविषयी.

शुद्धमती: बोलीतल्या शब्दाचा अर्थ गावागणिक बदलतो, म्हणून 'क्षपित मृदा' हीच संज्ञा योग्य होय.

नांगरट: 'क्षपित' वाचून वाचकाला क्षय आठवेल! शिवाय सगळा भार रंगावर टाकू नये. काळ्या भारी मातीत सेंद्रिय द्रव्य बहुधा थोडेच असते आणि तिचा काळेपणा पाणी तुंबल्याचा पुरावा नव्हे. तिचे पाण्याशी असलेले नाते रूपात दिसते: ओली झाली की फुगते, वाळली की खोल भेगा पडतात आणि खालच्या थरातली ढेकळे एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात. उलट काही तांबड्या मातींत चिकणमाती भरपूर असूनही तिचे बारीक, टिकाऊ कण बनलेले असतात, त्यामुळे पाणी वाळूतून जावे तसे झिरपते.

मसुदा: आणखी एक शंका. ज्या बांड्या थराला उघडे पडून वारंवार ओले-सुके झाल्यावर कायमचा टणकपणा येतो, त्याला 'जांभा' म्हणू का?

शुद्धमती: अवश्य. फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी 1807 मध्ये मलबारातील अशाच, खणताना मऊ आणि हवेत घट्ट होणाऱ्या द्रव्याला विटेच्या लॅटिन नावावरून 'लॅटेराइट' म्हटले. आपला 'जांभा' तर सरळ जांभळ्या रंगावरून आला आहे.

क्षितिजसमांतर: ही व्युत्पत्ती मला ओढूनताणून आणलेली वाटते, ताज्या कापात तांबडा, पिवळा, पांढरा असे सारेच रंग असतात. शिवाय जांभा म्हणजे घट्ट झालेला दगड, आणि मसुदा यांचा थर अजून फावड्याने कापता येतो. 'कच्चा जांभा' म्हणा.

नांगरट: 'कच्चा' म्हटले की तो पुढे पिकणारच असे वाटते. ओला आणि झाकलेला असेतो हा थर मऊच राहतो.