मदत हवी आहे : रियुनियन हा देश नाही, मग त्याचा संघ कसा? बारा वर्षांच्या पोराला काय सांगू?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात राहतो. नोकरी सांभाळून दर रविवारी सकाळी आमच्या पेठेतल्या दहा ते तेरा वर्षांच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. मोठ्यांचा सीझन संपला की मे महिन्यात पोरांची एक छोटी स्पर्धा घेतो. दरवर्षी संघांना ब्राझील, जर्मनी अशी नावं द्यायचो आणि दरवर्षी निम्म्या पोरांना अर्जेंटिनाच पाहिजे असायचं. यंदा वेगळं काहीतरी करायचं ठरवलं.

त्याचं निमित्त असं. जानेवारीत शेजारच्या घरी मॉरिशसहून पाहुणे आले होते. मराठीच कुटुंब. मूळ रत्नागिरीकडचं, पणजोबांच्याही आधीची पिढी उसाच्या मळ्यात मजुरीला गेलेली. त्यातले आजोबा सत्तरीचे, मराठी जुन्या वळणाचं, मध्येच क्रिओल या तिथल्या बोलीतले शब्द. अंबाबाईचं दर्शन झालं, मग मी त्यांना शाहू स्टेडियमवर सामना बघायला घेऊन गेलो. पाटाकडील आणि दिलबहार हे आमचे पेठांचे संघ खेळत होते. स्टेडियम खचाखच, ढोल चालू. आजोबा एकदम गप्प झाले. मध्यांतराला म्हणाले, "आमच्याकडं १९८५ ला असं होतं." आणि मग सामना संपेपर्यंत ते हिंदी महासागरातल्या बेटांच्या क्रीडास्पर्धेबद्दलच बोलत राहिले. त्या वर्षी ती मॉरिशसमध्ये झाली आणि फुटबॉलचं सुवर्ण मॉरिशसनंच घेतलं. मला ही स्पर्धा माहीतच नव्हती!

मग मी वाचत बसलो. पहिली स्पर्धा १९७९ ला रियुनियनमध्ये. आता सात बेटं आहेत : मॉरिशस, रियुनियन, मादागास्कर, सेशेल्स, कोमोरोस, मायोत आणि मालदीव. माझ्याकडेही पोरांचे सातच संघ. एक गट तिघांचा, एक चौघांचा, मग उपांत्य फेरी, तिसऱ्या जागेची मॅच आणि फायनल. तेरा सामने, दोन रविवारांत बसतात. चिठ्ठ्या टाकल्या, प्रत्येक संघाला एक बेट मिळालं. घरी जाऊन आपल्या बेटाची माहिती काढा आणि झेंडा रंगवून आणा, असं सांगितलं.

पुढच्या रविवारी रियुनियनचा कॅप्टन आला तो रडवेला होऊन. "सर, माझा देशच नाही. तो फ्रान्स आहे. मग वर्ल्ड कपला आम्ही कुठे असणार?" त्याच्या मागे मायोतचा कॅप्टन, त्याचीही तीच तक्रार. दोघांच्या हातात फ्रान्सचा तिरंगा, रंगवलेला. बाकीची पोरं हसायला लागली. मला नीट उत्तर देता आलं नाही, आणि ते मनाला लागून राहिलंय.

तर मदत हवी आहे. देश नसलेलं बेट आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कसं खेळतं, हे पोरांना कळेल असं कसं सांगू? या दोन संघांना झेंडा कोणता देऊ? आणि प्रत्येक बेटाबद्दल पोरांना छातीठोकपणे सांगता येईल अशी एकेक गोष्ट मिळाली तर फार बरं होईल. स्पर्धा पुढच्या रविवारी सुरू होतेय.

प्रतिसाद : पेनल्टी स्पॉट

दादा, पोरगं बरोबर बोललंय, पण अर्धंच. मॉरिशस, मादागास्कर, सेशेल्स, कोमोरोस आणि मालदीव हे पाच फिफाचे सदस्य आहेत, म्हणून ते विश्वचषकाची पात्रता फेरी खेळतात. त्यातही मालदीव आशियात, बाकीचे चार आफ्रिकेत. रियुनियन आणि मायोत फिफात नाहीत. रियुनियन १९४६ पासून फ्रान्सचा सागरापारचा जिल्हा आहे. म्हणून तिथला उत्तम खेळाडू फ्रान्सकडून खेळतो. दिमित्री पायेत माहीत असेल पोरांना. २०१६ च्या युरोत पहिल्याच सामन्यात रुमानियाविरुद्ध शेवटच्या मिनिटांत डाव्या पायानं मारलेला तो गोल! तो रियुनियनमधल्या सेंट पिएरचा.

पण या बेटांच्या स्पर्धेचा हिशेब फिफाचा नाही. समुद्रातले शेजारी एकत्र येऊन खेळतात, एवढंच. तिथं रियुनियन फ्रान्स म्हणून नाही, रियुनियन म्हणूनच उतरतं, आणि ते लिंबूटिंबू अजिबात नाही. १९७९, १९९८, २००७, २०१५ अशी सुवर्णपदकं आहेत त्यांची. २००७ चं तर मादागास्करच्या घरात जाऊन, पेनल्टीवर. तुमच्या कॅप्टनला हे सांगा, रडू पळून जाईल.

आणि एक. कॅमेरूनचा रॉजर मिला १९९० च्या विश्वचषकात अडतिसाव्या वर्षी गोल मारून कॉर्नरच्या झेंड्यापाशी नाचला ना? तो त्याआधी याच सेंट पिएरच्या क्लबाकडून खेळत होता. जेएस सेंट पिएरवाज. त्याच क्लबानं जानेवारी २०२० मध्ये फ्रेंच कपात नियोर हा दुसऱ्या श्रेणीचा व्यावसायिक संघ हरवला, नऊ-दहा हजार किलोमीटर उडून जाऊन.

प्रतिसाद : बंदरावरचा

झेंड्याबाबत जरा जपून, सर. तुमच्या पोरांनी नकळत नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंय.

मायोत हे भूगोलानं कोमोरोस द्वीपसमूहातलं चौथं बेट. १९७४ ला सार्वमत झालं. तीन बेटांनी स्वातंत्र्य मागितलं, मायोतनं फ्रान्सबरोबर राहायचं ठरवलं. १९७५ ला कोमोरोस स्वतंत्र झाला आणि तेव्हापासून तो मायोत आपलंच आहे असं म्हणत आला आहे. २०११ ला मायोत फ्रान्सचा पूर्ण जिल्हा झाला. २०१५ च्या स्पर्धेत, रियुनियनमध्ये, मायोतच्या खेळाडूंनी फ्रान्सचा झेंडा घेऊन संचलन केल्यावरून कोमोरोसचं पथक स्पर्धा सोडून गेलं. वर्षानुवर्षं तयारी केलेली पोरं न खेळताच परत गेली. मायोत मात्र त्या वर्षी फुटबॉलच्या फायनलपर्यंत पोचलं आणि रियुनियनकडून हरलं. दोघं फ्रान्सचे भाग, आणि सुवर्णासाठी एकमेकांसमोर!

माझ्या मते या दोन संघांच्या कागदावर झेंड्याऐवजी बेटाचा नकाशा काढू द्या. रियुनियनचा गोलसर, मधोमध ज्वालामुखी. मायोतचा समुद्रघोड्यासारखा, खरंच तसाच दिसतो.

धागाकर्ता

नकाशाची कल्पना फारच आवडली, धन्यवाद. एक शंका. दोन संघांना नकाशा आणि पाच संघांना झेंडा, असं केलं तर त्या दोघांना पुन्हा वेगळं पाडल्यासारखं होईल का? मी सगळ्याच सातांना नकाशा काढायला लावावा असं वाटतंय. मालदीववाल्यांना मात्र बाराशेच्या आसपास ठिपके काढावे लागतील.

कोमोरोसचं २०१५ चं पोरांना सांगू की नको, हे ठरत नाहीये. आणि कोमोरोसच्या संघासाठी काही चांगलं आहे का?

प्रतिसाद : डावा बचाव

सांगाच. अकरा-बारा वर्षांच्या पोरांना हे कळतं. आपल्याला वाटतं त्याहून जास्त कळतं.

आणि कोमोरोससाठी चांगलं काय विचारता, मी स्वतः आयुष्यभर लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळलोय, माझी आवडती गोष्ट त्यांचीच आहे. २००५ ला फिफात आलेलं, आठ-नऊ लाख वस्तीचं बेट. पहिल्यांदाच आफ्रिकन नेशन्स कपला पात्र झालं. जानेवारी २०२२ मध्ये घानाला ३-२ हरवून बाद फेरीत. समोर यजमान कॅमेरून. आणि सामन्याच्या दिवशी संघाकडे एकही गोलकीपर नाही. कोणाला दुखापत, कोणाला कोरोना. शेवटी शाकेर अलहदूर या लेफ्ट बॅकला ग्लोव्हज घालून गोलात उभं केलं. त्यातच सातव्या मिनिटाला कॅप्टनला लाल कार्ड. दहा जण, गोलात लेफ्ट बॅक, आणि हरले किती फरकानं? २-१. त्यांचा एक गोल म्हणजे युसूफ मचांगामाची लांबून मारलेली फ्री किक. अलहदूरनं एकापाठोपाठ एक दोन फटके अडवले ते मी अजून मधूनमधून बघतो.

मादागास्करवाल्यांना सांगा की २०१९ ला पहिल्याच नेशन्स कपात त्यांनी नायजेरियाला २-० हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. संघाचं नाव बारेआ, म्हणजे त्यांच्याकडचा वशिंडवाला बैल. आपल्या पोरांना बैल लगेच कळेल. मालदीव तर ओळखीचा शेजारी : २००८ आणि २०१८, दोन्ही वेळा सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेच्या फायनलला आपल्यालाच हरवलंय. सेशेल्स : लोकसंख्या लाखाच्या थोडी वर, एकच सुवर्ण, २०११ ला घरच्या मैदानावर, मॉरिशसला पेनल्टीवर हरवून.

प्रतिसाद : क्युअरपिपकर

मी कामानिमित्त सहा वर्षं मॉरिशसमध्ये आहे. तुमच्या पाहुण्या आजोबांचं गप्प होणं मला कळलं, म्हणून लिहितोय.

इथे पूर्वी क्लब म्हणजे समाज होता. हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स, गोऱ्यांचा डोडो क्लब, क्रिओल लोकांचा फायर ब्रिगेड. मैदानं ओसंडून वाहायची. १९७४ ला मॉरिशस आफ्रिकन नेशन्स कप खेळला तो त्याच काळात, आणि त्यानंतर आजवर नाही. पुढे सरकारनं धर्माची नावं काढायला लावली, मुस्लिम स्काउट्सचा स्काउट्स क्लब झाला, पण लोकांच्या मनातली विभागणी तीच राहिली. २३ मे १९९९ ला स्काउट्स आणि फायर ब्रिगेड यांच्यात विजेतेपदाचा सामना झाला. त्यानंतर दंगल उसळली. पोर्ट लुईमधलं लामिकाल नावाचं जुगारघर पेटवलं गेलं आणि आत सात माणसं मेली. लहान मुलंही होती त्यांत. देशातला फुटबॉल थांबवला गेला, आणि परत सुरू झाला तो गावांच्या आणि विभागांच्या नावांनी बांधलेल्या नव्या क्लबांचा.

हे नवे क्लब आले, पण जुनी गर्दी आली नाही. रविवारी मी स्टेडियमवर जातो तेव्हा बाकं रिकामी असतात. फक्त बेटांच्या स्पर्धेत ती भरतात, कारण तेव्हा लाल जर्सीतला संघ, क्लब एम, सगळ्यांचा असतो. २००३ चं सुवर्ण, तेही शेजारच्या रियुनियनला हरवून, हे इथले टॅक्सीवाले आजही सांगतात. कॅस्कावेलच्या मराठी वस्तीत गणपतीच्या दिवसांत झाकरी, म्हणजे तिथली मराठी लोकगीतं, ऐकायला गेलो होतो, तिथेही दोन म्हातारे त्याच सामन्यावर बोलत बसलेले.

आजोबांनी शाहू स्टेडियमवर पेठेपेठेची गर्दी बघितली. त्यांना काय काय आठवलं असेल!

प्रतिसाद : पेनल्टी स्पॉट

हे माहीत नव्हतं. लिहिल्याबद्दल आभार.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. क्युअरपिपकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्याकडेही पेठांची ईर्ष्या कधीकधी मैदानाबाहेर जाते, मी ते जवळून बघितलंय. माझ्या पोरांत चार पेठांची पोरं आहेत, आणि संघ पाडताना मी मुद्दाम मिसळली आहेत. ते तसंच ठेवणार.

आज सकाळचं सांगतो. सातही संघांनी नकाशे काढून आणले. मी पायेतचा गोल आणि २००७ ची पेनल्टी सांगितली तेव्हा रियुनियनचा कॅप्टन काही बोलला नाही, पण नकाशातला ज्वालामुखी त्यानं जास्त लाल केला. २०१५ चंही सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग कोमोरोसच्या संघातल्या एका पोरानं विचारलं, "सर, पहिली मॅच आमची आणि मायोतची लावता का? तेव्हा राहिली ना."

गट पुन्हा पाडलेत. रविवारी सात वाजता पहिला सामना कोमोरोस विरुद्ध मायोत. कोमोरोसचा गोलकीपर आत्याच्या लग्नाला निपाणीला चाललाय, त्यामुळे गोलात त्यांचा लेफ्ट बॅक उभा राहणार आहे. कोणी कोल्हापुरात असाल तर जरूर या.