शब्दचर्चा : ‘फिंगर रेस्ट’, ‘थंब रेस्ट’ आणि टेकण

विचारणा : बेस गिटारच्या अंगावर, तारांच्या कडेला, दोन स्क्रूंनी बसवलेली बोटभर लांबीची पट्टी असते. तिला कुणी ‘फिंगर रेस्ट’ म्हणतात, कुणी ‘थंब रेस्ट’. एका भाषांतरात मी ‘अंगुलिविश्राम’ असे लिहिले आणि संपादकांनी ते परत पाठवले. वस्तू एकच असताना नावे दोन का, आणि मराठीत काय म्हणावे?

उत्तर : संपादकांचे बरोबर आहे, ‘अंगुलिविश्राम’ वाचून डोळ्यांसमोर सरकारी विश्रामगृह उभे राहते. नावे दोन आहेत, कारण पट्टीची जागा बदलली. फेंडर कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला, तेव्हा ही पट्टी सर्वांत बारीक तारेच्या खालच्या अंगाला होती. वादकाने चार बोटे तिच्यात अडकवावीत आणि अंगठ्याने तार छेडावी, अशी ती योजना होती. पुढे बहुतेक वादक तर्जनी-मध्यमेने वाजवू लागले, आणि १९७४च्या सुमारास कंपनीने तीच पट्टी जाड तारेच्या वरच्या अंगाला नेली, जिथे अंगठा स्थिर ठेवून बोटांना तार त्याच्या दिशेने ओढता येते. म्हणजे नावात ज्याचा उल्लेख आहे, ते बोट वाजवत नाही; ते जागचे हलत नाही, म्हणून उरलेली बोटे नेमकी पडतात.

हे पाहता ‘विसावा’ही चालणार नाही, कारण येथे बोट थकवा घालवत नसून हाताला जोर मिळवून देत असते. ‘टेकू’ हा शब्द जवळचा वाटतो खरा, परंतु टेकू कलत्या भिंतीला किंवा डळमळत्या सरकारला देतात. मला ‘टेकण’ योग्य वाटते : खालच्या अंगाला असेल तर ‘बोटटेकण’, वरच्या अंगाला असेल तर ‘अंगठाटेकण’.

पुरवणी : ‘टेकण’ला माझे अनुमोदन. सतारीवर उजव्या हाताचा अंगठा दांडी आणि भोपळा जुळतात तिथल्या कडेशी टेकवून तर्जनीतल्या नखीने तार छेडतात, आणि त्या क्रियेलाही आपण ‘अंगठा टेकवणे’ असेच म्हणतो. बेसवर मात्र पुष्कळ जण अंगठा सरळ पिकअपच्या, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या विद्युत भागाच्या, कडेवर टेकवतात, त्यामुळे पट्टी नसलेल्या वाद्याविषयी लिहिताना हा शब्द नाम म्हणून न वापरता ‘अंगठा पिकअपवर टेकवून’ असे लिहावे. ‘टेका’ हे रूप टाळलेले बरे. बेसवादकाच्या संदर्भात कुणीही ते ‘ठेका’ असेच वाचेल.