आठवीसाठी शाळा निवडताना
स्वमग्न मुलीला आठवीसाठी सर्वसाधारण शाळेत घालावे की विशेष शाळेत, या आपल्या प्रश्नाला जोडून लिहीत आहे. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची नोंद असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत जवळच्या किंवा विशेष अशा पसंतीच्या शाळेत मोफत शिक्षणाचा तिला हक्क आहे.

शाळा पाहायला मात्र मधल्या सुट्टीत जा आणि तिलाही न्या. घंटा होताच आमचा मुलगा कान दाबून जिन्याखाली बसला, तेव्हा ज्या शाळेतल्या बाई काही न बोलता त्याच्याशेजारी फरशीवर बसून राहिल्या, तीच शाळा आम्ही निवडली. निकालाची टक्केवारी विचारलीही नाही. दहावीला लेखनिक आणि वाढीव वेळ मिळावा म्हणून कागदपत्रांचे काम शाळेत कोण पाहते, एवढे मुख्याध्यापकांना आजच विचारून ठेवा.