कूबर पेडीला डिसेंबरात जावे का?

जळगावकर : नमस्कार. आमचा मुलगा ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला नोकरीस आहे. येत्या डिसेंबरात मी, सौ. आणि माझी आई त्याच्याकडे जाणार असून, ओपल या रत्नाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले कूबर पेडी पाहण्याची आमची फार इच्छा आहे. उन्हापायी तिथले लोक जमिनीखाली घरे करून राहतात, असे वाचले. डिसेंबरात तिकडे फिरकूही नये, असे मुलगा म्हणतो. पण जन्मभर जळगावचा मे महिना काढलेल्यांना उन्हाचे काय कौतुक? कोणी जाऊन आले असल्यास कृपया सविस्तर लिहावे. सौ.ना एखादे ओपलही घ्यायचे आहे.

तापीकाठ : मुलाचे ऐकावे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिथला भर उन्हाळा; पारा ४० अंशांपुढे सहज जातो आणि काही दिवस ४५ देखील ओलांडतो. हे आकडे भुसावळकरांना घरचेच वाटतील, परंतु आपण ऊन सोसतो ते पुष्कळसे आजूबाजूच्या वस्तीच्या भरवशावर. रस्त्याच्या कडेला निंब असतो, रसवंती असते आणि कोणत्याही दारात तांब्याभर पाणी मागता येते. अ‍ॅडलेडपासून कूबर पेडी सुमारे ८५० किलोमीटर आहे आणि त्यातल्या ग्लेनडाम्बो या वाटेवरच्या थांब्यानंतरच्या शेवटच्या अडीचशे किलोमीटरमध्ये पेट्रोलपंप नाही, गाव नाही, सावलीला म्हणावे असे झाडही क्वचितच. त्यामुळे मिळेल तिथे टाकी भरून घ्यावी, माणशी भरपूर पाणी गाडीत ठेवावे आणि गाडी बंद पडलीच तर ती सोडून पायी निघू नये. अंधार पडल्यावर कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून दिवसाउजेडीच पोहोचावे. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात, तेवढीच सोय.

माझा सल्ला असा, की तिकिटे मे महिन्याची काढावीत. इथे कूलरही गरम वारा फेकत असतो, त्या वेळी तिथे हिवाळा तोंडावर आलेला असतो आणि दिवसाचे तापमान साधारण वीस-बावीस अंश राहते. रात्री मात्र स्वेटर लागतो. उन्हाळ्यातल्या माश्यांचा उच्छादही तोवर बराच कमी झालेला असतो. त्या डोळ्यांत, नाकात शिरतात आणि चेहऱ्यावर जाळी बांधल्यावाचून बोलणेही नकोसे होते.

घरांविषयी सांगायचे तर, आपल्या जुन्या धाब्याच्या घरात दुपारी शिरल्यावर जे वाटते, तेच तिथे बारा महिने वाटते. उन्हाळा असो की हिवाळा, आतले तापमान २३ ते २५ अंशांच्या आसपास टिकते. मातोश्रींना खोल उतरावे लागेल या चिंतेचे कारण नाही, कारण बहुतेक घरे टेकडीच्या पोटात आडवी कोरलेली आहेत आणि दार रस्त्याच्या पातळीवर असते. भिंतींवर कोरणाऱ्या यंत्राचे गोल ओरखडे तसेच ठेवून, भुकटी झडू नये म्हणून वर पारदर्शक लेप देतात. मुक्कामासाठी अशी हॉटेले आहेत. जमिनीखालचे सर्बियन चर्चही अवश्य पाहावे.

सराफकट्टा : खरेदीविषयी दोन शब्द. कूबर पेडीचे ओपल प्रामुख्याने पांढरट, फिकट अंगाचे असते. काळ्या ओपलसाठी न्यू साउथ वेल्समधील लायटनिंग रिज प्रसिद्ध आहे. अखंड खडा, डब्लेट आणि ट्रिप्लेट यांच्या किमतींत मोठी तफावत असते. डब्लेटमध्ये ओपलची पातळ चकती काळ्या पाठीवर चिकटवलेली असते, तर ट्रिप्लेटमध्ये तिच्यावर आणखी काचेचे किंवा स्फटिकाचे टोपण बसवतात. खडा आडवा धरून कडेने पाहिला, की सांधा सरळ रेषेसारखा दिसतो. पण कोंदण मागून बंद असेल तर हे कळत नाही, म्हणून शक्यतो सुटा खडा पाहावा आणि तो कोणत्या प्रकारचा आहे हे बिलावर लिहून घ्यावे. जोडलेला खडा पाण्यात बुडवून ठेवू नये, चिकटवण धुरकट होते. ओपल हिऱ्या-माणकासारखे कठीण नसल्याने रोजच्या अंगठीपेक्षा पदक बरे. एकाच विक्रेत्याकडून ३०० ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा अधिकची खरेदी करून ६० दिवसांच्या आत देश सोडल्यास विमानतळावर जीएसटी परत मागता येतो. ते बिल हातातल्या सामानात ठेवावे.

जळगावकर : दोघांचेही आभार. तिकिटे मेचीच पाहतो. १९१५ मध्ये सोने शोधणाऱ्या टोळीतल्या १४ वर्षांच्या मुलाला तिथे पहिले ओपल सापडले, असे वाचून आमच्या घरी सर्वांनाच उत्साह चढला आहे. आपणही खोदून पाहू शकतो का?

तापीकाठ : खोदता येणार नाही, वेचता येईल. खाणींतून काढलेल्या मातीचे ढीग चाळून ओपलचे तुकडे शोधण्यासाठी गावातच एक जागा सर्वांना खुली आहे. दगडावर पाणी फवारले की रंग चटकन दिसतो, तेव्हा फवाऱ्याची एक बाटली सोबत ठेवावी. दुसऱ्याच्या खाणपट्ट्यात परवानगीशिवाय शिरणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय जिवाला धोका आहे, कारण जुनी विवरे न बुजवता तशीच सोडलेली असतात. पळू नका, मागे चालू नका, असे सांगणाऱ्या चित्रांच्या पाट्या तिथे लावलेल्या आहेत. कॅमेऱ्यात सर्वांना बसवण्याच्या नादात एक-एक पाऊल मागे सरकणारी आपली मंडळी पाहता, त्या पाट्या गांभीर्याने घ्याव्यात.