मदत हवी आहे: प्रत्येक माशाचं पोहणं वेगळं कसं दाखवू?

मंडळी,

समुद्राखाली घडणाऱ्या एका छोट्या ॲनिमेशनपटावर सध्या काम करते आहे. संवाद नाहीत, माणसं नाहीत. जे सांगायचं ते माशांच्या हालचालींतूनच कळायला हवं, त्यामुळे 'शेपूट हलली की झालं' एवढ्यावर मला भागवायचं नाही.

पात्रं अशी: एक वाम, बांगड्यांचा थवा, एक मोठा कुपा (ट्यूना), एक पाकट, एक केंड (अंग फुगवणारा मासा) आणि समुद्रगवताला शेपटीने धरून राहणारा समुद्रघोडा.

वाचून जे समजलं ते आधी मांडते. चार्ल्स ब्रेडर यांनी 1926 मध्ये माशांच्या पोहण्याचे प्रकार पाडले आणि त्यांना नमुन्याच्या माशांवरून नावं दिली. तीच विभागणी थोड्याफार फरकाने आजही वापरतात. वामेचं सगळं अंग वळवळतं. बांगड्याचा पुढचा भाग बराचसा सरळ राहतो, मागचा हलतो. कुप्याचं हलणं जवळपास शेपटीपुरतंच. केंड, समुद्रघोडा, पाकट यांचं अंग फारसं वाकतच नाही, ते परांवर पोहतात.

वाम छान जमली आहे, बघत राहावीशी वाटते. अडलंय ते पुढे.

कुप्याचं अंग ताठ ठेवून फक्त शेपूट हलवली, तर ती बिजागरीवरच्या दारासारखी उघडमीट करते. त्यात जोर दिसत नाही. वाकणं अंगात थोडं पुढपर्यंत नेलं, तर तो कुपा न राहता भलताच कुठलातरी मासा होतो. दुसरं, शेपटीचे ठोके आणि वेग यांचा मेळ बसत नाही. मासा पोहण्याऐवजी काचेवरून घसरत गेल्यासारखा वाटतो. तिसरी अडचण थांबलेल्या माशाची. जागच्या जागी उभ्या माशाचं नेमकं काय हलतं?

फ्रेम सेकंदाला 24. आकडे, प्रमाणं, काहीही चालेल. शास्त्रीय तपशील कितीही किचकट असला तरी वाचेन.

प्रतिसाद

धागा आवडला. माशांच्या हालचालींचा अभ्यास करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

सर्वांत आधी लाट. पोहणाऱ्या माशाच्या अंगातून डोक्याकडून शेपटीकडे लाट सरकत जाते, आणि मासा जितक्या वेगाने पुढे जातो त्यापेक्षा ती लाट मागे जास्त वेगाने जाते. हा फरक आहे म्हणूनच पाणी मागे ढकललं जातं. तुमच्या रिगमध्ये (मासा हलवायच्या सांगाड्यात) सगळे सांधे एकाच क्षणी डावीकडे आणि एकाच क्षणी उजवीकडे जात असतील, तर लाट सरकत नाही, जागेवरच हेलकावते. बिजागरी दिसते ती बहुधा यामुळेच. प्रत्येक मागच्या सांध्याला पुढच्यापेक्षा थोडा उशीर द्या.

कुप्याच्या बाबतीत गंमत शेपटीच्या देठात आहे. अंगातल्या स्नायूंची ताकद स्नायुबंधांमार्फत मागे पोहोचते, आणि त्या निमुळत्या देठाच्या पुढे एक व मागे एक अशा दोन ठिकाणी वाकणं होतं. देठ आधी जातं, चंद्रकोरीसारखा पर त्याच्या मागून येतो. देठ डाव्या किंवा उजव्या टोकाला पोहोचतं तेव्हा पर प्रवासाच्या दिशेला जवळजवळ समांतर असतो. मध्यरेषा ओलांडताना तो सर्वांत तिरपा असतो, आणि त्याची मागची कड मागे रेंगाळलेली असते. म्हणजे दोन हालचालींत पाव ठोक्याचं अंतर. एक ठोका 12 फ्रेमचा असेल तर पराचं वळण 3 फ्रेम पुढेमागे सरकवून बघा. जोर तिथून येईल.

एक ठोका म्हणजे शेपूट एका कडेपासून दुसऱ्या कडेला जाऊन परत पहिल्या कडेला येईपर्यंतची पूर्ण फेरी. शेपटीच्या टोकाचा या कडेपासून त्या कडेपर्यंतचा पल्ला अंगाच्या लांबीच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतका ठेवा. बऱ्याच माशांना हे प्रमाण लागू पडतं.

घसरण्याचं कारणही इथेच सापडेल. रिचर्ड बेनब्रिज यांनी 1958 मध्ये डेस, ट्राउट आणि गोल्डफिश या माशांवर मोजमापं केली. शेपटीच्या ठोक्यांची गती सेकंदाला 5 च्या वर गेली की वेग तिच्या प्रमाणात वाढत जातो, आणि एका ठोक्याला मासा स्वतःच्या लांबीच्या 0.6 ते 0.7 पट पुढे सरकतो. तुमचा बांगडा एका ठोक्यात दोन लांब्या जात असेल तर तो घसरणारच. वेग वाढवायचा तर ठोके वाढवा, पल्ला फार ताणू नका.

प्रतिसाद

वरच्या माहितीत थोडी भर. थांबलेल्या माशाची छाती बघा. कल्ल्यांतून पाणी मागच्या दिशेने बाहेर पडतं आणि त्याच्या धक्क्याने मासा नकळत पुढे ढकलला जातो. तो धक्का मोडायला छातीचे पर सतत उलटं वल्हवत असतात. शिवाय उभ्या जागी तोल टिकत नाही, म्हणून शेपटीच्या कडाही हळूच हलतात. वेगातून थांबायचं असेल तर छातीचे पर दोन्ही बाजूंना पसरतात. त्याने डोकं वर किंवा खाली जाऊ लागतं, ते पोटाखालचे पर सावरतात.

कुप्याला मात्र थांबवूच नका. तो तोंड किंचित उघडं ठेवून पोहतो आणि त्या वेगामुळेच कल्ल्यांवरून पाणी वाहतं. थांबला तर त्याचा श्वास अडेल. वेगात असताना पाठीवरचा पहिला पर खाचेत मिटतो, तेही दाखवा. फार सुंदर दिसतं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! पाव ठोक्याचा उशीर दिला आणि कुपा जिवंत झाला. आता परांवर पोहणारी मंडळी. समुद्रघोड्याचा पाठीवरचा पर सेकंदाला 35 वेळा हलतो असं वाचलं. 24 फ्रेममध्ये ते दाखवायचं कसं?

प्रतिसाद

काढूच नका. फ्रेमच्या गतीपेक्षा वेगाने हलणारी गोष्ट फ्रेम-फ्रेम काढली की ती उलटी जाताना किंवा थिजलेली दिसते. त्या जागी अर्धपारदर्शक, कडा विरलेला पर ठेवा, त्यातून एखादी फिकी लाट सरकू द्या. डोक्याच्या बाजूचे छोटे पर वळण्यासाठी असतात, तेही तसेच. अंग उभं आणि शांत. एवढी धडपड करूनही तो फारच हळू पुढे जातो, आणि प्रेक्षकाला नेमकं तेच दिसायला हवं.

केंडाचा पाठीवरचा आणि गुदद्वारामागचा पर एकाच वेळी एकाच बाजूला जातात. त्यात छातीच्या परांची फडफड मिळवा. शेपटी एरवी सुकाणूसारखी, पळ काढायचा तेव्हाच ती कामाला लागते. केंड खरं तर फार चपळ वळतो, जागच्या जागी फिरतो, मागेही जातो. त्याला गोलमटोल आणि मठ्ठ दाखवणं अन्यायाचं होईल.

प्रतिसाद

एक वेगळा मुद्दा. हे प्रकार सोयीचे आहेत, पण त्यांच्या चौकटी पक्क्या समजू नका. 2021 मध्ये 40 हून अधिक जातींच्या माशांच्या पोहण्याची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात असं दिसलं की संथ, सरळ पोहताना वाम आणि बांगडा यांच्यासारख्यांच्या अंगाच्या मध्यरेषेची लाट पुस्तकातल्या चित्रांइतकी वेगळी नसते. अंगाचा आकारच नजरेला फरक दाखवतो. म्हणून बांगड्याचं डोकं अगदी गोठवू नका, थोडं डावं-उजवं जाऊ द्या. सर्वांत कमी हालचाल डोक्याच्या किंचित मागे असते, नाकाच्या टोकाशी नाही.

आणखी एक, मासा कायम एकाच पद्धतीने पोहत राहत नाही. पोपटमासा सावकाश असताना छातीच्या परांनी पाणी कापतो आणि घाई झाली की शेपटी वापरतो. पुष्कळ मासे दोन-चार ठोके मारून अंग सरळ करून वाहत जातात, मग पुन्हा ठोके. त्याने शक्ती वाचते. तुमच्या लूपमध्ये अशी विश्रांती पेरा.

धागाकर्ती

नाकाचा मुद्दा लगेच करून पाहते. राहिली पाकट. दोन्ही बाजूंचे पर पंखासारखे वरखाली हलवू की कडेने लाट फिरवू?

प्रतिसाद

कुठली पाकट त्यावर आहे. तळाशी वाळूलगत राहणारी असेल तर कडेने लाट, पुढून मागे, आणि एका वेळी कडेवर एकाहून जास्त लाटा दिसू द्या. वळताना दोन्ही बाजूंच्या लाटा सारख्या ठेवू नका. मँटासारखी मोकळ्या पाण्यात राहणारी असेल तर पंखांची मोठी, संथ वरखाली फडफड. चाबकासारखी शेपटी दोन्हींत नुसती मागे ओढली जाते, तिच्याकडून ढकलण्याचं काम करून घेऊ नका.